जावेच्या कौसाला भेटायला अनसिंगपलीकडे

आधी खरं काय ते सांगून टाकते. मी वाशिम जिल्ह्यात गेले ती जळफळाट झाला म्हणून. माझी धाकटी जाऊ वृंदा हिनं सहा वर्षांपूर्वी नव्वद पानांची कादंबरी लिहिली. त्याच वर्षी माझीही आली. चारशेच्या वर पानं, आठ वर्षांचा अभ्यास. माझ्या कादंबरीचे गठ्ठे आमच्या पोटमाळ्यावर आहेत आणि वृंदाची तिसरी आवृत्ती संपली. एवढंही मी गिळलं असतं. पण डिसेंबरात तिच्या फोनवर एक फोटो आला. तुरीच्या शेतात एका ओळीला, तिकडच्या बोलीत तासाला, लाल चिंधी बांधलेली, आणि खाली लिहिलेलं, "ताई, हे कौसाचं तास."

कौसा ही वृंदाच्या कादंबरीतली बाई. वृंदा बँकेच्या नोकरीत दीड वर्ष वाशिमला होती, तेव्हा तिला सुचलेली. कौसा पोटासाठी वीटभट्टीवर जाते आणि जाताना शेजारणीला सांगते, तुझ्या शेतातली तुरीची एक ओळ माझ्यासाठी ठेव. ओळ वाळत उभी राहते आणि कादंबरी संपते. कौसा परत आली की नाही, ते लिहिलेलंच नाही. मला तर तो निव्वळ आळशीपणा वाटला होता.

"तूच जाऊन बघून ये ना," वृंदा मेथी निवडत म्हणाली. "मला मार्चपर्यंत रजा नाही." माझ्या पुस्तकाचा असा फोटो आला असता तर मी अनवाणी धावले असते. ही मेथी निवडत होती. ती माझा ब्लॉग वाचत नाही, म्हणून हे सगळं बिनधास्त लिहिते आहे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिकहून रात्रीच्या गाडीनं सकाळी अकोला, तिथून एसटीनं वाशिम. बायकांना अर्धं तिकीट. वाशिमला बसस्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळाली. नाश्त्याला कचोरी खाल्ली आणि हिरव्या मिरचीनं डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा रडायला चांगलं निमित्त मिळालं. अनसिंग पुसद रस्त्यावर आहे. जीप भरेपर्यंत सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटीच बघा. जानेवारीत थंडी सकाळीच काय ती असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, मधे गहू. अनसिंगपासून पुढे ऑटो केला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या तिथे सेल्फीवाले पोचतील.

फोटो पाठवणाऱ्या सिंधूबाई अंगणवाडीत काम करतात. "वृंदाताईच्या घरच्या तुमी!" म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. गेल्या सहा वर्षांत माझी ओळख इतक्या आनंदानं कुणी करून घेतलेली नव्हती, आणि ती ओळखही माझी नव्हतीच.

शेतात गेलो. एका ओळीला चिंधी, बाकी तूर कापून झालेली. मला वाटलं होतं, नारळबिरळ फोडत असतील, मग मनसोक्त हसता येईल. तसलं काहीच नव्हतं. "उभी ठिवली तं रोही खाऊन टाकते," सिंधूबाई म्हणाल्या. रोही म्हणजे नीलगाय. "म्हून आमी शेवटी कापतो, डाळ करतो, अन् येगळ्या डब्यात ठिवतो. जे लोकं भट्टीवर जाते, ऊस तोडाले जाते, थे वापस आले का पह्यल्या दिवशी त्याईच्या घरी काय राह्यते? चूल बी थंडी. मंग शेजारीन कौसाची डाळ घेऊन जाते."

पुस्तकात डाळ नाही, डबा नाही. हे त्यांनीच वाढवलं होतं. परतताना दोन शाळकरी मुलींनी भुलाबाईचं नवं गाणं म्हणून दाखवलं: "कौसा गेली दूरच्या गावा, तास ठेवा माये, तास ठेवा." शाळेच्या भिंतीवर कौसा, डोक्यावर गाठोडं. मी आठ वर्षं अभ्यास केला आणि माझ्या नायिकेचं नाव माझ्या सख्ख्या नवऱ्याला आठवत नाही.

जेवायला सोलेवांगं होतं, म्हणजे तुरीचे ओले दाणे घालून वांग्याची भाजी, सोबत भाकरी. जेवण अप्रतिम होतं आणि माझा तोल तिथेच गेला. मी म्हणाले, "सिंधूबाई, कौसा नावाची कुणी नव्हतीच. माझ्या जावेनं ती मनानं रचलीय."

"मले माहीत हाय ना बाप्पा," त्या भाकरी वाढत म्हणाल्या. "पुस्तक मीच तं वाचून दाखोलं सगळ्याईले."

"मग खोट्या बाईसाठी ओळ कशाला ठेवता?"

"डाळ तं खरी हाय ना!"

मी मान खाली घालून जेवले. लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही; उलट वाढलाच.

सिंधूबाईंची सासू, रुखमाआजी, दारात शेंगा सोलत बसली होती. तिची गावातच दिलेली लेक दिवाळीनंतर नवऱ्यासोबत भट्टीवर गेलेली, दीड महिना फोन नाही. आजीनं माझा पदर धरला. "तू त्या घरची हाय. तुले ठाऊक असन. थे कौसा वापस येते काय?"

सिंधूबाईही थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. पुस्तकात नाही, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मी म्हणाले, "येते." आणि मग थांबताच येईना. "भर दुपारी येते. आधी आपल्या घरी जात नाही. शेजारणीच्या उंबऱ्यावर बसते आणि म्हणते, पाणी दे, मग कुलूप काढते."

"असं म्हनते?" आजीनं विचारलं.

"हो, असंच म्हणते."

आजी पुन्हा शेंगा सोलायला लागली. निघताना तिनं मला पसाभर शेंगा बांधून दिल्या, वृंदासाठी.

गुढीपाडव्यानंतर वृंदाच्या फोनवर सिंधूबाईंचा आवाज आला. आजीची लेक सुखरूप आली. सगळ्यांसोबत आली, पण घरी गेली नाही; शेजारणीच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, पानी दे, मंग कुलूप काढतो. मधे एकदा लेकीचा फोन लागला, तेव्हाच आजीनं सांगून ठेवलं होतं. आता आलेली प्रत्येक बाई तसंच करते, कौसावानी.

वृंदानं तो निरोप दोनदा ऐकला. तिसऱ्यांदाही ऐकला.

"हे मी लिहिलेलं नाही गं," ती म्हणाली. "हे कुणी घातलं?"

"गावातल्याच कुणीतरी घातलं असेल," मी म्हणाले.

तिनं फोन उपडा ठेवला. तोंड बारीक झालेलं, ओठ घट्ट मिटलेले. "मला का नाही सुचलं हे?" ती म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्यासाठी मनापासून चहा केला, आलं घालून.