टपरीवरचा पाचवा माणूस

आधीच सांगते, भूतंखेतं, करणी वगैरे म्हटलं की मला हसू येतं. तंजावूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते मी. घरी आमची तंजावुरी मराठी, देवनागरी मोठेपणी शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

माझा धाकटा भाऊ रघू. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी आवाज थांबले, पण सहा वर्षांत त्यानं एकट्यानं दुकानातून साधी काडेपेटी आणली नाही. मग डॉक्टरांनी व्हीआर सुरू केलं... डोळ्यांवर तो डबा चढवायचा, आत कॉम्प्युटरनं उभी केलेली चहाची टपरी, चार तमिळ माणसं. त्यांच्याशी बोलायचा सराव. रघू काय खुलला हो! कॉफी मागायचा, वर "साखर कमी" सांगायचा. पुढच्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागणार होता.

एकदा डबा काढून म्हणाला, "अक्का, आत पाच जण आहेत. एक बाकावर असतो. मला बघून सरकतो, जागा देतो."

टेक्निशियन सेल्वीनं बाहेरच्या स्क्रीनवर मोजले. चारच. डॉक्टरांनी फाईल उघडली. भास परत आले म्हणजे औषध वाढणार, सराव बंद, नोकरी गेली... मी चिडले. "द्या इकडे, मी बघते!" सकाळचे अकरा वाजले होते, खाली टाउन बसचे हॉर्न चालू होते.

पाच होते.

चौकड्यांचा शर्ट, बाकाच्या टोकाला. तो सरकला. माझ्या मागे कुणाला तरी शोधलं आणि चक्क आमच्या घरच्या मराठीत विचारलं, "रघू नाही आला?"

त्या प्रोग्रॅममध्ये मराठीचा एक शब्द नाही. सेल्वीला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी डबा काढला. डॉक्टरांनी विचारलं, "किती?" रघू माझ्या तोंडाकडे बघत होता. आमच्या आत्यालाही हाच आजार होता — मला वाटलं, आता माझी पाळी. भ्याले मी.

"चार," म्हणाले.

सराव बंद झाला, औषध वाढलं. रघू आता दुपारपर्यंत झोपून असतो. मी नंतर दोनदा तो डबा घालून बघितला... चारच. तो कोण होता, देवाशप्पथ कळत नाही. डॉक्टरांना खरं सांगायला तीनदा निघाले, तिन्ही वेळा दारातून परतले. एका जागी बसवत नाही हल्ली.

संध्याकाळी रघू ओट्यावर बसतो, शेजारी एका माणसाची जागा सोडून. परवा मी तिथं बसायला गेले, तर हात आडवा केला त्यानं.

"तिथं नको, अक्का. तुला तो दिसत नाही ना."