‘थांबलं’ म्हणाली, आम्ही मानलं

दौंडच्या दवाखान्यातून दादाचा फोन आला तेव्हा मी शिरूरला कंपनीत होतो. “तुझी वैनी गेली,” म्हणाला. मग, “पोटात फडकं निघालं रं...” वैनीची गर्भपिशवी काढली तेव्हा रक्त टिपायला आत ठेवलेलं ते कापड. इतकी वर्षं आतच राहिलेलं. आतडं त्याला चिकटून सडलं. आताच्या ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

महिना होत आला. राहू गावातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण त्या जुन्या डॉक्टरला शिव्या देतो, मी मान हलवतो. पण मधली वर्षं ती आमच्याच घरात होती.

तेव्हा दुखणं हटेना म्हणून आबांनी, माझ्या वडिलांनी, डाग द्यायचं ठरवलं. मेंढरं विकून आम्ही कधीच ऊस लावला होता, पण पोट फुगलेल्या मेंढराला तापल्या विळ्यानं डागायचा आबांचा हात गेला नव्हता.

“आबा, मी काय मेंढरू हाय व्हय?” वैनी म्हणाली.

“मेंढरू बरं, एवढं बोलत न्हाई,” आबा म्हणाले. सगळे हसलो. तिचे हात मी धरले होते... मी, डिप्लोमा झालेला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “थांबलं.” आबा गावभर सांगत सुटले.

पुढं एकदा वरवंडहून गाडीवर येताना मागून म्हणाली, “भाऊजी, थांबलं न्हाई वो ते. तसं म्हणले नसते तर आबांनी दुसरा डाग दिला आस्ता. तुमी शिरूरला न्हेऊन मशिनीवर दाखवा की एकदा. ह्यांना नका सांगू, आबांच्या शब्दाबाहेर न्हाईत ते.”

“दिवाळीच्या सुट्टीत जाऊ,” म्हणालो. दिवाळी झाली. कामाचं निमित्त होतं. खरं तर आबांना खोटं पाडायची हिंमत नव्हती. नंतर आबाही गेले, तरी मी गप्पच. तिनं परत विचारलं नाही. दादाला हे ठाऊक नाही. इथं वाचेल तेव्हा कळेल. तोंडानं सांगणं मला आजही जमलेलं नाही.

काल स्वयंपाकघरात गेलो. ओट्याच्या कडेचा रंग एकाच जागी उडून आतला गिलावा गुळगुळीत झालाय. भाकरी थापताना वैनी तिथं पोट दाबून उभी राहायची. गेल्या पाडव्याला तीच जागा दाखवून मी रंगाऱ्याला नाही नाही ते बोललो होतो. वैनी परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “ऱ्हाऊ द्या भाऊजी, त्याची चूक न्हाई.”