मिसरीच्या ओट्यावरची बाभळकाडी

खर्ड्याच्या केशरबाईचे पुढचे दोन दात हलायला लागले, तवा ती पन्नाशीला बी टेकली नव्हती. सन सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. गोधड्या शिवणारी बाई. दोरा दातानं तोडायची, वाळकी भाकर दातानंच फोडायची. नवरा आसाराम म्हणायचा, हिच्या तोंडात अडकित्ता हाय. आता अडकित्त्याचाच खिळा ढिला झाला.

आसारामनं तिला एस.टी.नं भिंगारला नेलं. तिथं पलटणीतनं रिटायर झालेला दातांचा डॉक्टर हुता. त्यानं हिरड्या बघितल्या आणि मिसरी सोडा म्हणाला. दातात अडकलेलं ही सुईनं कोरती, हे ऐकून तर त्यानं कपाळाला हात लावला. एक ब्रश दिला. उन्हाळ्यात परत या, तवर दात थांबले न्हाईत तर काढावे लागतील, असं बजावलं.

ब्रश केशरबाईनं तवा घासल्यावानी चालवला. रगत आलं. ब्रशाचे केस विस्कटले, मग आसारामनं तो सायकलची चेन पुसायला घेतला.

मिसरीचं दुखणं निराळंच हुतं. सकाळचं पानी भरून झालं की आळीतल्या बाया मुक्ताबाईच्या ओट्यावर जमायच्या. तव्यावर काळ्या केलेल्या तंबाखूची डबी फिरायची, हिरड्यांवर बोटं फिरायची, आणि कुणाची सून माहेरी का गेली ते तिथंच कळायचं. केशरबाईनं ओटा टाकला. घरामागं एकटीच तोंड धुवायला लागली. डोकं ठणकायचं, गावात काय चाललंय कळायचं न्हाई, आणि दुपारपातूर आसारामची सगळी खोड काढून व्हायची. मग न राहवून जायची ओट्यावर, आणि बोट आपसूक डबीत.

शेवटी तिनं आसारामला सांगितलं, "मिसरी सुटंल. वटा सुटायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाभळीची कवळी काडी चावीत ती ओट्यावर जाऊन बसली. मुक्ताबाईनं डबी मांडीवर धरून तिला न्याहाळलं.

"केशर, बाप्यावानी काडी चावती व्हय? आता धोतार बी नेस."

बाया हसल्या. केशरबाईचं तोंड काडीनं भरलेलं. उत्तर देता येईना आणि मिसरी बी लावता येईना. हेच जमलं. बायांचं ऐकत ऐकत काडीचा मऊ कुंचा व्हईस्तवर चावायची, मग दातांवरनं हळू फिरवायची. रातचं जेवण झालं की गोधडीच्या दोऱ्याचा तुकडा दातांच्या फटींतनं ओढायची. सुई परत गोधडीच्या कामाला लागली.

उन्हाळ्यात डॉक्टरानं एक दात काढलाच. दुसरा हलवून बघितला, परत हलवला, आणि काय करता म्हणून विचारलं. केशरबाईनं काडी, दोरा, सगळं सांगितलं.

"हा थांबलाय, बाई. काडी आणि दोरा सोडू नका. शिवताना मात्र दोरा कात्रीनं तोडा."

आसारामनं भिंगारच्या बाजारातच कात्री घेतली.

ओट्यावर केशरबाईनं तोंड उघडून पडलेली फट दाखवली, राहिलेला दात बोटानं दाबून दाखवला. मुक्ताबाई वाकून बघत राहिली. मग तिनं आपल्याच दाढंवरनं जीभ फिरवली आणि डबी मांडीखाली सारली.

"दोरा कंचा घेती गं? रंगीत चालंल?"

"पांढरा. आन् नवा घे. जुन्या गोधडीचा उसवू नगं."