महिनाअखेरचं कुलूप

पंख्यांच्या कारखान्यात ज्याला सगळे मास्तर म्हणत, तो एक दिवसही कुठल्या शाळेत शिकवायला गेला नव्हता. पूर्ण नाव ढकलमास्तर. ते गोदामातल्या हमालांनी ठेवलं होतं, आणि हमालांना माणसाची पारख बरी असते. तयार पंखे डीलरांकडे रवाना करायचे, हे त्याचं काम. रवाना हा आपला कागदावरचा शब्द. खरं काम ढकलण्याचंच.

कारखाना बारा महिने पंखे बनवी आणि लोक मात्र उकडायला लागल्यावरच ते विकत घेत. मग मधल्या काळात माल ठेवायचा कुठे? तर डीलरच्या गळ्यात. ट्रक डीलरच्या दारात रिकामा झाला की कंपनीच्या लेखी माल विकला गेला. डीलरने पैसे भरायचे; मग तो पंखा कुणाच्या डोक्यावर फिरो, नाहीतर खोक्यात पडून राहो. त्यामुळे महिन्याचे पहिले तीन आठवडे गोदाम जांभया देत असे आणि शेवटच्या आठवड्यात तिथे नुसती पळापळ. सेल्सचे मोठे साहेब येता-जाता विचारत, "मास्तर, आकडा गाठताय ना?" आणि मास्तर एकेका डीलरला फोनवर पकडायला बसे.

डीलर काही दुधखुळे नव्हते. महिनाअखेर आली की कुणाची दाढ काढलेली असे, कुणाच्या गोदामाची किल्ली बाहेरगावी गेलेल्या भावाकडे असे, कुणी सहकुटुंब लग्नाला गेलेला असे. एका डीलरने तर इतक्या पुतण्यांची लग्नं लावली होती की तेवढे त्याला भाऊही नव्हते. ट्रक जाऊन उभा राही तर शटरला हे एवढं कुलूप, आणि आतून रेडिओचा आवाज. पुढून कुलूप लावायचं, मागच्या दाराने आत शिरायचं आणि ट्रक निघून जाईपर्यंत चिडीचूप बसायचं, अशी सगळ्यांची रीत. ड्रायव्हर थोडा वेळ हॉर्न वाजवी, पायरीवर बसून विडी ओढी आणि गाडी वळवी. त्याचा कुणाला राग नसे. पुढच्या महिन्यात तीच माणसं एकमेकांना चहा पाजत.

सगळ्या डीलरांत एकच दार असं होतं, ज्याला महिनाअखेरीला कधी कुलूप लागलं नाही. ते मास्तरच्या ताईचं.

आई गेली तेव्हा मास्तर अजून चड्डीत होता आणि ताई जेमतेम पंधरा-सोळाची. तिने लोकांचे कपडे शिवून भावाला वाढवलं, शिकवलं. मशीनच्या खडखडाटात तो अभ्यास करी आणि त्याच आवाजात झोपी जाई. मशीन थांबलं की दचकून उठे. त्याला कारखान्यात चिकटवल्यावरच ताईने स्वतःच्या लग्नाचा विचार केला. नवरा मिळाला तो सायकली दुरुस्त करणारा, कुणाशी वर आवाज न करणारा माणूस. मास्तर त्यांना दाजी म्हणे. रस्त्याकडे तोंड करून दुकान, मागे तीन खोल्या, आणि गल्लीकडच्या खिडकीशी खाट टाकून बसलेली दाजींची म्हातारी आई. गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, कुणाची सून कुणाशी बोलत उभी राहिली, याची म्हातारीला खडान्‌खडा खबर असे.

त्या भागात कंपनीला छोटा डीलर हवा होता तेव्हा मास्तरनेच दाजींचं नाव पुढे केलं. मनात काळंबेरं नव्हतं. बहिणीला चार दिवस बरे यावेत, एवढंच. "दाजी, पंक्चर किती दिवस काढणार? मी बसलोय ना तिथे," असं तो म्हणाला. त्या दिवशी जेवताना त्याने डीलरांच्या कुलपांचे किस्से रंगवून सांगितले. हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरची नक्कल केली, आत श्वास धरून बसलेल्या डीलरची केली. म्हातारीला हसता हसता ठसका लागला. दाजी मात्र नुसते हसले आणि म्हणाले, "आम्ही नाही हो लावणार कुलूप. तिथे तुमची मान खाली जायची."

आणि त्यांनी खरोखरच लावलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग मास्तरला सवय लागली. आकडा थोडक्यात हुकायला लागला, बाकीचे सगळे लग्नाला गेले, की तो ताईकडे फोन लावी. पहिल्या घंटीला दाजी उचलत. "पाठवा की, जागा करतो." मोठे साहेब पाठ थोपटत, "मास्तर, तुम्ही डोंगरावरसुद्धा माल चढवाल." दुकानाशेजारची शेड भरली. मग दुकानाचा मागचा भाग भरला. मग खोकी बाहेरच्या खोलीत आली. भाऊबहिणीच्या प्रेमाचा असा उपयोग मोठ्या साहेबांनाही सुचला नसता. कुंपणच शेत खात होतं, आणि तरीही ताई सगळ्यांना सांगे, माझा भाऊ कंपनीत आहे म्हणून आमचं चाललंय.

एका थंडीत मोठ्या साहेबांनी मास्तरला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. वरून नवं धोरण आलं होतं. हंगामाला नवा पांढरा पंखा बाजारात यायचा होता, रिमोटवर चालणारा. तो कारखान्यातून थेट मोठ्या दुकानांत जाणार. छोटे डीलर बंद. त्यांच्याकडचा जुना माल परत घ्यायचा नाही. उलट गोदामात जुन्या तपकिरी पंख्यांच्या ज्या थप्प्या उरल्या आहेत, त्या या महिन्यात डीलरांकडे गेल्या पाहिजेत.

"हे बाहेर फुटलं तर एकही डीलर ट्रक उतरवून घेणार नाही," साहेब म्हणाले. "आणि फुटलं तर कुठून फुटलं, ते मला कळेल."

मास्तरने विचारलं, "सगळ्या डीलरांकडे पाठवायचा?"

"कुलूप नसेल त्यांच्याकडे." साहेब हसले. कुठलं दार उघडं असतं, ते त्यांनाही ठाऊक होतं.

मास्तर चांगला माणूस होता असं म्हणायला या ठिकाणी जीभ रेटत नाही, पण तो दगड नव्हता. घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर पित्ताचं निमित्त सांगितलं. दाजींना एवढंच सांगायचं होतं: या महिन्यात तुम्हीही कुलूप लावा. काय झालं म्हणून विचारणारा तो माणूस नव्हता. पण इतकी वर्षं न लागलेलं कुलूप नेमकं आताच लागलं तर साहेबांना कळायला किती वेळ लागेल? मुलीची फी, घराचे हप्ते, या वयात दुसरी नोकरी कोण देणार, सगळं त्याने डोक्यात फिरवून पाहिलं. शेवटी त्याने स्वतःची समजूत घातली ती अशी: आधी माल जाऊ दे, मग साहेबांचे पाय धरून ताईचा तेवढा परत आणवू. स्वतःला फसवायला माणसाला दुसऱ्याची मदत लागत नाही.

फोन पहिल्या घंटीला उचलला गेला.

"दाजी," मास्तर म्हणाला आणि थांबला.

"बोला ना. गाडी येतेय का?"

"थोडी मोठी आहे या वेळी."

पलीकडे दाजींनी जागेचा अंदाज घेतला. "बाहेर तर मुंगीलाही वाट नाही आता. आईच्या खोलीत लावतो. तिला काय, खाट तेवढी पुरे."

सांगायचं तर हाच क्षण होता. मास्तर म्हणाला, "बरं."

ट्रक घेऊन पैलवान गेला. पैलवान म्हणजे काडीसारखा ड्रायव्हर. हमालांना नावं ठेवण्यात अशीही गंमत वाटे. निघताना त्याला मास्तरने सांगितलं, "थप्पी नीट रचून ये रे, पडायला नको. आता हे परत यायचं नाही." म्हातारीच्या खोलीत खोकी छतापर्यंत गेली. खिडकी त्यांच्यामागे झाकली गेली.

थंडी सरली आणि सगळं साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. नवा पंखा मोठ्या दुकानांत लागला, तोही जुन्यापेक्षा स्वस्तात. दाजींना कंपनीचं पत्र आलं तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात आले. मोठ्या साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माल परत घेता येत नाही हे फार गोड आवाजात सांगितलं. मास्तर तिथेच उभा होता. साहेबांचे पाय धरायचे ते याच वेळी. पण तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. त्यानंतर फाटकापर्यंत दाजींना पोचवायला गेला. तिथे दाजींनी अगदी हळू विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का हो हे?"

"नाही," मास्तर म्हणाला.

"तेच म्हटलं मी तिला," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, आणि मास्तरला ते बघवेना.

उन्हाळा तापला. घरात शेकड्यांनी पंखे होते आणि म्हातारीला ताई पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घालत होती, कारण छताला भिडलेल्या थप्प्यांमुळे पंख्याचं पातं फिरायला जागाच नव्हती. जुन्या मालाची खोकी कुणी दुकानदार फुकटातही उचलेना. ठेवायची कुठे, हाच प्रश्न. खिडकी गेल्यापासून म्हातारीला वेळ कळत नसे. भर दुपारी ती विचारी, "संध्याकाळ झाली का गं?" ताई म्हणे, व्हायची आहे. थोड्या वेळाने म्हातारी परत विचारी. गल्लीतल्या कुणाची चौकशी करणं तिने सोडून दिलं. एका दुपारी ताई वारा घालत असतानाच तिचा श्वास थांबला.

मास्तर पैलवानाला घेऊन टेम्पोतून धावला. दारात माणसं जमली होती, पण कुणी आत जात नव्हतं. जाणार कसं? खोक्यांमधून एका माणसाने अंग तिरकं करून जाण्याएवढीच वाट होती. चार माणसांनी म्हातारीला उचलून बाहेर आणायचं तर आधी खोकी बाहेर काढायला हवी होती. मास्तरने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. तो, पैलवान आणि शेजारची दोन माणसं खोकी हातोहात रस्त्यावर आणू लागली. प्रत्येक खोक्यावर त्याच्या गोदामाचा शिक्का होता. दाजी आईच्या उशाशी उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होते, "सावकाश, तिला लागेल." मास्तरला रडू फुटलं, तो खोकं तोंडासमोर धरून चालत राहिला.

ताई दाराशी उभी होती. घामाघूम पैलवान तिच्याजवळ दम खायला थांबला. मनाने चांगला गडी, बोलायचं म्हणून बोलला, "काय भरभक्कम थप्पी लावली होती मी! मास्तर तेव्हाच म्हणाले होते ना, नीट रच, हे आता परत यायचं नाही."

ताईने भावाकडे पाहिलं. त्याच्या हातात खोकं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. दाजींनी आतून ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. ते आईच्या अंगावरची चादर सारखी करत राहिले. ताई आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. पैलवानाला पाणी दिलं, शेजाऱ्यांना दिलं. मग भांडं उपडं घालून ती सासूजवळ जाऊन बसली.

पुढे वर्षभराने कंपनीने माल पोचवायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं आणि मास्तरलाही घरी बसवलं. गरज सरो, वैद्य मरो. मोठ्या साहेबांनी निरोपाला घड्याळ दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक महिनाअखेर अशी आली की मास्तरला कुणाला फोन करायचा नव्हता. मधल्या काळात त्याने ताईला फोन केले होते, ते उचलले गेले नव्हते. निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. त्या दिवशी तो उठला आणि हात हलवत तिच्याकडे निघाला. न्यायचं काय, हे त्याला सुचलं नाही. भेटून काय बोलायचं तेही ठरलेलं नव्हतं. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तरी त्याचं पोट भरलं असतं.

दुकानाची पाटी उतरवलेली होती. दाराला बाहेरून कुलूप होतं.

इतक्या लांब येऊन गाठ पडत नाही, म्हणून तो हिरमुसला आणि परत फिरणार, तेवढ्यात आतून आवाज आला. शिलाई मशीन चालू होतं. लय तीच, मध्येच धागा ओढायला थांबण्याची पद्धत तीच. त्याने कडी वाजवली.

मशीन थांबलं.

"ताई," तो म्हणाला. दाजींच्या खोकल्याचा आवाज आला आणि मध्येच दाबला गेला. मास्तर पायरीवर बसला. मागच्या बाजूला दार आहे, हे त्याला माहीत होतं. तिकडून जायची हिंमत त्याला झाली नाही. आत आता काय चाललं असेल, ते त्याला चांगलं माहीत होतं. याच घरात जेवताना त्याने त्याची नक्कल करून दाखवली होती. आतली माणसं श्वास धरून बसतात. बाहेरचा माणूस थोडा वेळ वाट बघतो आणि मग गाडी वळवतो. तो उठला आणि रस्त्याला लागला.

कोपऱ्यापर्यंत पोचला तेव्हा मागे मशीन पुन्हा सुरू झालं.