लाल झालेली नळी

राहनाळच्या गोदामात मी सुपरवायझर होतो आणि माझा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आमच्याकडून दवाखान्यांना रक्त तपासायची मशिनं जायची. प्रत्येक खोक्यावर एक स्टिकर असायचा, त्यात बारीक काचेची नळी. जोराचा धक्का बसला की ती लाल व्हायची, ती कायमचीच.

पॅकिंग अंजूरच्या एक मावशी करायच्या. चारी बाजूंनी फोम खोचून झाला की त्या खोक्याला कान लावून ते हळूच हलवायच्या. आत जरासं जरी वाजलं तरी पुन्हा सगळं उघडायच्या. मी कितीही ओरडलो तरी त्यांना घाई म्हणून नसायची.

एकदा टेम्पो उशिरा आला. मी ड्रायव्हरला असा झाडला की हमालसुद्धा बाजूला झाले. मग माल चढवताना बघतो तर एका खोक्यावरची नळी लाल!

"कुणी आपटलं हे?" मी पुन्हा भडकलो. सगळे खाली मान घालून उभे.

मावशी पुढे आल्या. "दादा, मगाशी डायवरला बोलताना तुमीच बुक्की मारली ना त्याच्यावर."

मी खोकं उघडून मशीन चालवून पाहिलं, ठणठणीत होतं. मावशींनी पुन्हा फोम भरला, नवा स्टिकर लावला आणि आणखी एक माझ्या टेबलावर चिकटवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

त्या हसल्या. "मशीनला फोम हाय, दादा. आमाला काय हाय?"