काळ्या पाण्यावरून आलेला म्हातारा

ती घटना इतक्या वर्षांनीही मला आठवते, कारण तिच्यात मी नको त्या माणसावर संशय घेतला होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी शिपायापासून चढत ठाणेदार झालो होतो. परीक्षा देऊन थेट आलेले साहेब ते मला विसरू देत नसत. रोहिणखेडच्या बाजूच्या एका शेतकऱ्याने तक्रार दिली, की एक म्हातारा त्याचा थोरला भाऊ म्हणवून शेतात हिस्सा मागतो. खरा थोरला इंग्रजी अमलात खुनाच्या शिक्षेवर काळ्या पाण्याला गेला होता. घरच्यांनी त्याचं तेरावंही उरकलं होतं.

म्हाताऱ्याने जबाबात सगळं सांगितलं: बोट, लाकूडतोड, सुटका, तिथेच थाटलेला संसार, बायको गेल्यावर धरलेली घरची वाट. घरच्या जुन्या बैलांची नावंही सांगितली. मला पटलं नाही. बराकीत शेजारी झोपणाऱ्या कैद्यालाही एवढं माहीत असू शकतं.

"खरं बोल बे म्हाताऱ्या, कोणाच्या नावावर आलास?" मी टेबलावर हात आपटला.

"माह्याच नावावर आलो, साहेब."

त्याला रोज हजेरी लावली आणि अंदमानला पत्र टाकलं. उत्तर आलं, कैदी सुटला, पुढचा पत्ता नाही. साहेब म्हणाले, "तोतया आहे, चालान करून कोर्टात पाठवा."

शेवटचा जबाब तक्रारदाराच्या बायकोचा. थोरला गेला तेव्हा ती त्या घरात नवी सून होती. बाई धीट. बाकावर बसून हवालदारालाच दटावत होती, "किती डाव सांगू? थो मानूस आमचा कोनी नाई. लिवा!"

तेवढ्यात म्हातारा हजेरीला दारात आला. बाई झटकन उठली, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हाताराही मान खाली घालून दोन पावलं मागे सरला.

"बाई, परक्या माणसासमोर एवढा पदर?" मी विचारलं.

बाजूलाच उभा असलेला तिचा नवरा खेकसला, "अवं, काढ थो पदर!"

ती पदराआडूनच म्हणाली, "भासऱ्यासमोर कसा काढू?"

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ; त्याच्यापुढे सुनेने तोंड झाकायचं, ही रीत.

तक्रारदाराने मग घासाघीस सुरू केली. "घरी नेतो साहेब, पन वावराचं नाव नोका काढू."

"वावराचं तहसिलीत पाहा. आधी त्याला हाक मार, नाहीतर खोट्या तक्रारीबद्दल तुला आत टाकतो."

मग तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "चाला दादा, घरी."

म्हातारा लहान पोरासारखा रडला.

महिनाभर मी आरोपीलाच निरखत बसलो होतो; तक्रार देणाऱ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. पुढे ती चूक केली नाही. साहेबांच्या अहवालात मात्र लिहिलं गेलं, की त्यांच्या पत्रव्यवहारामुळे ओळख पटली. शाबासकीही त्यांनाच मिळाली. त्या पदराची नोंद कुठल्याच कागदात नाही, म्हणून ती इथे करतो आहे.