गेममधल्या मुलाचं पोट

शरीराचा तो गेम मीच माझ्या मोबाईलवर घेतला होता. थोरल्या लेकीचं कार्टूनचं वेड सुटावं म्हणून. पाच वर्षांची पोर मोबाईल बघणारच आहे, तर म्हटलं, निदान चार गोष्टी शिकेल. गेममध्ये एक गोबरा मुलगा आ वासून बसलेला असायचा. त्याला काहीही भरवायचं. पोळी, मासा, किल्ली, बटण, चक्क बूटसुद्धा. मग त्याचं पोट आरपार दिसायला लागायचं. भरवलेली वस्तू अन्ननलिकेतून जठरात, तिथून आतड्यांची वळणं घेत खाली, आणि शेवटी टुणकन बाहेर. बाहेर आली की टाळ्या. घरी कुणी आलं की मी लेकीला पुढं करायचे. "सांग बरं, घशाच्या पुढं काय?" ती म्हणायची, "अन्ननलिका." पाहुणे माना डोलवायचे आणि मी अशी काही फुलायचे की विचारू नका.

दिवाळी नुकतीच झाली होती. दुपारी पडेगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भांडी घासत होते. हे वाळूजला कंपनीत गेलेले, सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. बाहेर लेक आणि नऊ महिन्यांचं बाळ. लईच शांत होतं. खरं तर तेव्हाच मी बाहेर डोकवायला हवं होतं. मला वाटलं, चला, भांडी तरी निवांत होतील.

हात पुसत बाहेर आले, तर लेक बाळाचं झबलं वर करून त्याच्या पोटाकडं टक लावून बसली होती. शेजारी बॅटरीवर लागणारी प्लॅस्टिकची पणती उघडून पडलेली. आतला बटणासारखा चपटा सेल गायब.

"काय करायलीस गं?"

"बाळाला भरवलं. पण आतलं दिसंना."

मी झडप घातली. बाळाच्या तोंडात बोट घालून चाचपलं, काही लागलं नाही, ते भोकाड पसरून रडायला लागलं. "कुठंय सेल? बाळानं गिळला का? खरं सांग, नाहीतर बघच," मी अशी ओरडले की सासूबाई धडपडत बाहेर आल्या. लेक भिंतीला चिकटली. तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. मी सतरंजी झटकली, दिवाणाखाली हात घातला. सेल कुठंच नव्हता.

सासूबाईंनी केळं सोलायला घेतलं. "केळं चार त्याला. सरकतंय मग खाली. तुझ्या नवऱ्यानं बी चार आणे गिळले व्हते, केळ्यावरच निघाले."

मी हात पुढं केलाही होता. मग आठवलं, असा सेल गळ्यात अडकला तर आतून जाळतो, असं कुठंतरी बघितलं होतं. म्हटलं, नको, आधी दवाखाना. ते सोललेलं केळं सासूबाईंनी लेकीच्या हातात दिलं आणि आम्ही खाली पळालो.

रिक्षावाल्या चाचांनी माझं तोंड बघूनच रिक्षा छावणीतून सुसाट काढली. "रो मत बेटी, बस आया," एवढंच म्हणत होते. ह्यांचा फोन लागत नव्हता. मी बाळाच्या छातीवर हात ठेवून बसले होते. त्याला उचकी लागली की माझा जीव वर. मध्येच ते रस्त्यावरची म्हैस बघून खुदकन हसलं, तर मला आणखीच भीती वाटली. आत काय जळत असेल आणि हे हसतंय. लेकीचा फ्रॉक गळ्यापासून छातीपर्यंत ओला झालेला दिसला. "आता रडून काय उपयोग," मी तिला म्हटलं. केळं तिच्या मुठीत चेंगरून काळं पडलं होतं.

बाळाचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा बघितला. "बाळाच्या आत काहीच नाही. गळा, छाती, पोट, सगळं साफ आहे."

मी तिथंच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले. सासूबाईंनी बाळाची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली, मग लेकीला म्हणाल्या, "खा गं बाई आता. संपलं सगळं." तिनं मान हलवली. त्यांनी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून परत फ्रॉकवर आलं.

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाळाला भरवलंस, मग काय झालं?"

"थुंकला त्यो." आवाज पार घोगरा.

"मग?"

लेकीनं केळं धरलेला हात उचलला आणि स्वतःच्या गळ्याला लावला.

दुसऱ्या एक्स-रेत तो दिसला. गळ्याच्या खाली, पांढरा, गोल, दुहेरी कडांचा. पाहुण्यांसमोर मी तिच्याकडून ज्या जागेचं नाव घोकून घेतलं होतं, तिथंच अडकलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ झाला?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून बोटांवर मोजायला लागले. "काही खाल्लं नाही तेवढं बरं झालं," त्या म्हणाल्या आणि तिला दुर्बिणीनं सेल काढायला आत घेऊन गेल्या. सासूबाईंनी ते केळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

सेल निघाला. आत भाजलं होतं, पण भरून येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिला थोडं बोलता यायला लागलं.

"आई, माझा खाली गेलाच नाय."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मला सांगायचं ना गं, तू गिळलास म्हणून."

"तू बाळाचंच विचारत व्हतीस," ती म्हणाली.